छोट्या ट्रस्टचा हिशोब कमी त्रासात कसा ठेवायचा (मुंबईतल्या खजिनदारांसाठी)

चाळीतली अभ्यासिका, गिरगावातलं एखादं जुनं वाचनालय, परळला केईएम आणि टाटाच्या पेशंटना औषधं-जेवण पुरवणारे पाचसहा जण, महिला मंडळ... अशा संस्थांना कामाला माणसं मिळतात पण खजिनदार व्हायला कोणी पुढे येत नाही. वर्षाची उलाढाल दोनतीन लाख आणि कागदपत्रं मात्र कोटीवाल्या ट्रस्टएवढी, असं सगळ्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. छोट्या संस्थांसाठी नियमांत बऱ्यापैकी सवलती आहेत, २०२५ मध्ये अजून थोड्या आल्यात, फक्त त्या आपोआप मिळत नाहीत, वह्या नीट असतील तरच मिळतात. म्हणून वर्षभर काय केलं की सप्टेंबरमध्ये धावपळ होत नाही ते सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की आपल्याला हिशोब दोन ठिकाणी द्यायचाय. एक धर्मादाय आयुक्त, म्हणजे वरळीला ॲनी बेझंट रोडवरचं ऑफिस, तिथं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चालतो. दुसरं इन्कम टॅक्स. आपल्याकडे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्थासुद्धा परत ट्रस्ट म्हणून नोंदवली जाते, म्हणून लेटरहेडवर दोन-दोन नंबर असतात आणि नवीन माणूस गोंधळतो. तिसरा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, पण परदेशातून पैसे घेत नसाल तर तो विषयच नाही, आणि छोट्या संस्थेनं त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं, वेगळा वार्षिक रिटर्न, आणि परदेशी पैसा आला की इन्कम टॅक्सचा ऑडिट फॉर्मसुद्धा मोठावाला भरावा लागतो.

आता वह्या. टॅली घेतलं म्हणजे हिशोब झाला असं समजू नका, वर्षाला शंभर-दीडशे नोंदी असतील तर एक्सेल आणि एक कागदी रोजमेळ पुरतो. पण खर्चाची हेडं पहिल्या दिवशीच धर्मादायच्या नियमांतलं शेड्यूल आठ आणि शेड्यूल नऊ बघून ठरवा. शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंदाचा नमुना, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रकाचा. नऊमध्ये खर्च कसा विचारतात बघा: मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, ऑडिट फी, आणि ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च, त्यात परत धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत असे पोटविभाग. आपण एक्सेलमध्ये "किरकोळ", "इतर", "सुनीलला दिले" असली हेडं करतो आणि वर्षअखेरीला सीएच्या ऑफिसातला मुलगा अंदाजानं ती कुठेतरी टाकतो. मग पेशंटच्या औषधांचे पैसे आस्थापना खर्चात जातात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यांचा अर्धा पैसा ऑफिसवरच जातोय. हेडं सुरुवातीलाच फॉर्मप्रमाणे ठेवली तर वर्षअखेरीचं निम्मं काम तिथंच संपतं, आणि हे करायला एक संध्याकाळ लागते, बाकी काही नाही.

देणग्यांचं जरा जास्त सांगतो कारण तिथंच सगळे अडकतात. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरायचो, नाव पत्ता समोरच लिहून व्हायचा. आता सगळे क्यूआर स्कॅन करतात, बँक स्टेटमेंटमध्ये एक यूपीआय आयडी आणि अर्धवट नाव येतं, पॅन नाही, पत्ता नाही. देणारा म्हणतो "पावती नंतर द्या हो काका, घाई नाही" आणि तो बरोबर जूनमध्ये फोन करतो की माझं ८०जी सर्टिफिकेट, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये वजावट मिळवायचा कागद, कुठंय. तर क्यूआरच्या खालीच छापून टाका: पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा. आणि दर रविवारी, खरंच दर रविवारी, स्टेटमेंट उघडून त्या आठवड्याच्या जमा रकमा मेसेजशी जुळवा, कारण आठवड्याभरात माणसाला आपण दिलेलं आठवतं, आठ महिन्यांनी आठवत नाही.

८०जी असलेल्या संस्थेला फॉर्म १०बीडी भरावा लागतो, मागच्या आर्थिक वर्षाच्या देणगीदारांची यादी, ३१ मेच्या आत, आणि त्यातूनच १०बीई सर्टिफिकेट तयार होतं जे देणगीदाराला द्यायचं. ते नसेल तर त्याला वजावट मिळत नाही, आपली कागदी पावती कितीही सुंदर छापलेली असू दे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी आणि वर १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, छोट्या संस्थेचं वर्षाचं वह्यावाटपच जाईल त्यात. यादीत प्रत्येक देणगीपुढे ती कॉर्पस (कायम निधी) आहे, ठराविक कामासाठी आहे की साधी आहे, आणि रोख, वस्तू की ऑनलाइन आली हे लिहावं लागतं, म्हणून देणगी रजिस्टरमध्ये हे दोन कॉलम आजच वाढवा. रोख २,००० च्या वर घेतली तर देणाऱ्याला ८०जी मिळत नाही हे पावती फाडायच्या आधी सांगा, नंतर सांगितलं की संबंध बिघडतात.

आजोबांच्या नावानं कोणी ठेव ठेवायला पैसे देतं, ते कॉर्पस. पण नुसतं तोंडी सांगून कॉर्पस होत नाही, देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं की ही रक्कम कायम निधीत ठेवावी, आणि पैसे कायद्यात सांगितलेल्या गुंतवणुकीतच ठेवावे लागतात. पत्र नसेल तर ती रक्कम साध्या उत्पन्नात येते. दोन ओळींचा नमुना टाइप करून फाईलला लावून ठेवा, देणगीदाराला फक्त सही करायची.

दानपेटी किंवा निनावी पैसे असतील तर: धर्मादाय संस्थेला निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत चालतात, त्याच्या वरच्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स. छोट्या संस्था सहसा १ लाखाच्या आतच असतात, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण पेटी दोन जणांसमोर उघडा, मोजा, कागदावर दोघांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. पेटीतली रोख तशीच खर्चाला वापरायची सवय अजिबात लावू नका, आधी जमा मग खर्च.

गणपती मंडळवाल्यांसाठी एक वाक्य, मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादायच्या कायद्यातल्या कलम ४१क ची परवानगी लागते, ती आधी घ्या, आणि उत्सवानंतर त्याचा हिशोब द्या.

खर्चाकडे येतो. प्रत्येक खर्चाला बिल, बिलावर संस्थेचं नाव, आणि व्हाउचरवर दोन सह्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, दिलेत तर तो खर्च उद्देशांवर खर्च केला म्हणून धरला जात नाही. पेशंटच्या मदतीत अडचण अशी की मेडिकलवाला बिल पेशंटच्या नावानं करतो, ते चालतं, पण सोबत पेशंटचा अर्ज, हॉस्पिटलच्या केसपेपरची झेरॉक्स आणि कमिटीनं मदत मंजूर केल्याची मिनिट बुकमधली ओळ असू दे. पैसे शक्यतो मेडिकलला थेट ऑनलाइन द्या, नातेवाइकांच्या हातात रोख देऊ नका. यात अविश्वास दाखवायचा नाहीये, उलट उद्या कोणी प्रश्न विचारला तर त्या माणसाला परत बोलवायची वेळ येऊ नये म्हणून. गावाकडून आलेला माणूस पेशंट गेल्यावर निघून गेलेला असतो, त्याच्या मागे पावतीसाठी लागणं हे मला तरी बघवत नाही.

खजिनदारानं स्वतःच्या खिशातून पैसे घालणं तर सर्रास चालतं, वीजबिल भरायचंय, चेकवर सही करणारे गावाला गेलेत, मग आपणच भरतो. एकदोन दिवसांत परत घ्या आणि लिहा. ३१ मार्चला ती रक्कम उभी राहिली तर ताळेबंदात विश्वस्त ट्रस्टचा घेणेकरी म्हणून दिसतो, आणि ऑडिटरला रिपोर्टमध्ये हाच प्रश्न असतो की कोणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का.

तो रिपोर्ट, म्हणजे धर्मादायच्या नियम १९ खालचा ऑडिटरचा रिपोर्ट, खजिनदारानं वर्षाच्या सुरुवातीला एकदा बसून वाचावाच. मागच्या वर्षीची कॉपी काढा. त्यातले प्रश्न म्हणजे वर्षभराच्या कामाची यादीच आहे: हिशोब नियमित ठेवलेत का, ऑडिटच्या दिवशी रोख आणि व्हाउचर जुळली का, स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर आहे का, मीटिंग नियमित होतात का, मिनिट बुक आहे का, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का, बजेट दिलंय का, वर्षापेक्षा जास्त थकलेली येणी किती, मागच्या वर्षीच्या त्रुटी दूर केल्या का. हे प्रश्न एका कागदावर काढून दर तीन महिन्यांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचले तर ऑडिटर जे विचारणार ते आपल्याला आधीच माहीत असतं. बजेटचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते वर्ष सुरू व्हायच्या निदान एक महिना आधी द्यायचं असतं, म्हणजे फेब्रुवारीअखेर.

त्याच रिपोर्टमध्ये एक प्रश्न आहे की ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती किंवा बांधकामासाठी टेंडर मागवलं का. मुंबईत ५,००० मध्ये एक खोली रंगवून होत नाही. अशा मर्यादा वाढायलाच हव्यात, आणि छोट्या संस्थांसाठी एक सोपा वेगळा नमुना हवा असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडमध्ये ठराविक उत्पन्नाखालच्या धर्मादाय संस्थांना पूर्ण ताळेबंदाऐवजी नुसता जमा-खर्च आणि शिल्लक मालमत्तेचा तक्ता चालतो, आपल्याकडे असं झालं तर कितीतरी मंडळं मोकळा श्वास घेतील. ते होईपर्यंत काय करायचं, तर दुरुस्तीचं काम निघालं की तीन जणांकडून कोटेशन घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली चालतील पण प्रिंट काढून फाईलला लावा, आणि कोणतं का निवडलं ते ठरावात लिहा. टेंडरची पेपरात जाहिरात द्यायची ऐपत नाही हे सगळ्यांना कळतं, पण आपण निवड उघडपणे केली हे कागदावर दिसलं पाहिजे.

पैसे कुठे ठेवायचे तेही धर्मादायच्या कायद्यात आहे, कलम ३५. शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे वगैरे. जास्त व्याज देते म्हणून ओळखीच्या पतपेढीत ठेवू नका. आणि एकाच सहकारी बँकेत सगळं नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, मुंबईतल्या कितीतरी हाउसिंग सोसायट्या आणि संस्था लटकल्या. ठेवींवरचा विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंत आहे, त्या हिशोबानं वाटून ठेवा.

३१ मार्चच्या आसपास तीन गोष्टी. उद्देशांवरचा खर्च इन्कम टॅक्समध्ये प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरतात, बिल आलंय पण चेक एप्रिलमध्ये दिला तर तो पुढच्या वर्षात, म्हणून वह्यावाल्याचं, मेडिकलचं जे काही देणं असेल ते मार्चमध्येच चुकतं करा. दुसरं, उत्पन्नाच्या ८५ टक्के उद्देशांवर खर्च व्हायला हवा, फेब्रुवारीतच बेरीज मारून बघा. नाही झाला आणि पैसे खरंच मोठ्या कामासाठी साठवायचे असतील, समजा अभ्यासिकेच्या छपरासाठी, तर कारण लिहून ठराव करा आणि फॉर्म १० भरा, पाच वर्षांपर्यंत साठवता येतात. हा फॉर्म रिटर्नच्या तारखेच्या दोन महिने आधी, म्हणजे साधारण ३१ ऑगस्टपर्यंत जायला हवा, शेवटच्या दिवशी सीएला आठवण करून देऊ नका. तिसरं, ३१ मार्चच्या रात्री हातातली रोख मोजून दोन सह्यांचा दाखला.

ऑडिट. इन्कम टॅक्सच्या कायद्यात उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर ऑडिट सक्तीचं नाही, त्यामुळे काही जण खूश होऊन ऑडिटच सोडून देतात, आणि तिथं फसतात, कारण धर्मादायचा कायदा वेगळा, तिथं दर वर्षी ऑडिट लागतंच. शासनाला काही ट्रस्टना सूट देता येते पण आपल्याला ती आहे असं परस्पर धरून चालू नका, वरळीला लेखी विचारा. धर्मादायकडे सहा महिन्यांत ऑडिट पूर्ण व्हायला हवं आणि इन्कम टॅक्सचा ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे दोन्हींची वेळ एकच येते, एकाच सीएकडून एकाच बैठकीत दोन्ही करून घ्या, फी पण वाचते. मग आयटीआर-७, म्हणजे ट्रस्टचा इन्कम टॅक्स रिटर्न, ३१ ऑक्टोबरपर्यंत. कधी मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नका.

इथं छोट्यांची पहिली खरी सवलत. २०२२-२३ पासून ऑडिटचे दोन फॉर्म आहेत, १०बी आणि १०बीबी. उत्पन्न ५ कोटींवर असेल, परदेशी देणगी आली असेल किंवा भारताबाहेर खर्च केला असेल तर १०बी, बाकी सगळ्यांना १०बीबी, जो बराच सुटसुटीत आहे. चुकीचा फॉर्म भरला गेला तर नोटीस येते आणि पुढे पळापळ, म्हणून अपलोड व्हायच्या आधी सीएला फोन करून "आपला १०बीबीच ना" एवढं विचारा, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी सवलत २०२५ च्या फायनान्स ॲक्टमधली. १२एबी ची नोंदणी, म्हणजे जिच्यामुळे संस्थेच्या उत्पन्नाला टॅक्समाफी मिळते ती, पाच वर्षांची असायची, आता अर्ज करायच्या वर्षाच्या आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ५ कोटींच्या आत असेल तर ती दहा वर्षांसाठी मिळते. आपल्यासारख्यांना तर ही मोठीच सोय. पण दोन गोष्टी लक्षात घ्या: तात्पुरत्या नोंदणीला हे लागू नाही, ती तीनच वर्षांची, आणि हा बदल १२एबी साठी केलाय, ८०जी साठी नाही, त्यामुळे दोन्हींच्या तारखा आता वेगवेगळ्या पडणार. सर्टिफिकेटवरची शेवटची तारीख बघा आणि तिच्या सहा महिने आधीची तारीख ऑफिसातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, रिन्यूअलचा अर्ज तोपर्यंत जायला हवा. नाही गेला तर संस्थेच्या निव्वळ मालमत्तेवर टॅक्स लागू शकतो, म्हणजे दोन पिढ्यांनी जमवलेली ठेव अडचणीत. उशिराचं योग्य कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, ती सोय आहे, पण तिची वेळच येऊ देऊ नका.

त्याच ॲक्टमध्ये मोठ्या देणगीदाराची मर्यादा वाढली. आधी आजवर एकूण ५०,००० च्या वर दिलेला प्रत्येक माणूस आणि त्याचे नातेवाईक संस्थेशी हितसंबंध असलेल्यांच्या वेगळ्या यादीत धरावे लागायचे, पंचवीस वर्षं दर वर्षी थोडं थोडं देणारी आजीसुद्धा त्यात यायची. आता वर्षात १ लाख किंवा एकूण १० लाखांच्या वर असेल तरच, आणि अशा देणगीदारांच्या नातेवाइकांची यादी काढायची गरज नाही. छोट्या संस्थांची ही यादी आता बहुतेक कोरीच जाईल.

आणि हो, १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्सचा नवीन कायदा, २०२५ चा, लागू आहे. कलमांचे नंबर बदललेत, मी वर जुनेच दिलेत कारण २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना ते लागू आहेत आणि सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत. पुढच्या वर्षांसाठी कोणता फॉर्म कोणत्या नावानं येतो ते सीएकडून लिहून घ्या.

शेवटचं काम, जे नेहमी राहतं: चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला की ९० दिवसांत धर्मादायला कळवायचं. मुंबईत अशा कितीतरी संस्था आहेत जिथं कागदावरचे अर्धे विश्वस्त आता हयात नाहीत आणि काम करणाऱ्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत, मग बँक सही बदलत नाही, जागेचा पुनर्विकास आला की करारावर कोण सही करणार यावर सगळं थांबतं, १२एबी च्या अर्जातही अडचण. जुने राहिले असतील तर विलंब माफीच्या अर्जासकट सगळ्यात जुन्या बदलापासून क्रमानं भरा, मधलाच एखादा आधी भरला तर साखळी जुळत नाही.

आणि खजिनदार बदलताना नुसत्या वह्या देऊ नका. इन्कम टॅक्स पोर्टलचा आयडी-पासवर्ड, धर्मादायच्या वेबसाइटचं लॉगिन, कोणाची डिजिटल सही वापरली जाते आणि ती कधी संपते, वापरलेल्या आणि कोऱ्या पावतीपुस्तकांचे नंबर, ठेवींच्या पावत्या आणि त्यांच्या मुदती, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. वह्या आणि व्हाउचर दहा वर्षं जपून ठेवायच्या असतात, चाळीच्या माळ्यावर पावसाळ्यात भिजतात म्हणून दर वर्षीचं स्कॅन करून दोन जणांच्या मेलवर ठेवा. पोर्टलवर नोंदलेला मोबाईल नंबर जुन्या खजिनदाराचा असेल तर तो त्याच आठवड्यात, त्याचा फोन हाताशी असतानाच बदलून घ्या, कारण ओटीपी त्याच्याकडेच जाणार आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो गावाला असू शकतो.